चिंचेने धुतलेला तारा

मी, वेदांग यशवंत पाठारे, मुक्काम भावाकडे, दुबई मरीना, डोकं ठिकाणावर असताना हे लिहितो. उद्या अल ऐनच्या हॉस्पिटलात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. वाचलो तर हा कागद मीच फाडेन. नाही वाचलो तर तो मोठ्याने वाचावा, विजयकुमारदादा आणि मृणालिनीवहिनी समोर बसलेले असताना. मधेच चहा करायला उठायचं नाही.

१. मालमत्ता म्हणजे दगड झालेले शिंपले, प्रवाळ, एक माशाचा दात. सगळे इथल्या मोकळ्या सरकारी माळावर सुटे पडलेले होते. परवानगी तेवढीच होती, त्यामुळे खणून एकही काढला नाही. प्रत्येक दगड सरकारी ऑफिसात नेऊन दाखवला, "खलास, ले जाओ" म्हणाले, मग घरी आणला. २००८ ला मंदीत क्रेनी थांबल्या, दादाने लावलेली साइटवरची नोकरी गेली, तेव्हापासून हेच. दहावीनंतर मी धड टिकवलेली एवढी एकच गोष्ट. हे सगळं बिलकीस मॅडमना. त्या विद्यापीठात असेच दगड अभ्यासतात.

२. एक दगड वेगळा होता. समुद्रातल्या काटेरी प्राण्याचा, लाडवाएवढा, वर पाच पाकळ्यांचा तारा. फोटो बघून मॅडम म्हणाल्या, "वेदांग, ऐसा मैंने देखा नहीं. नया निकला तो तुम्हारा नाम लगेगा." मी तेव्हा रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात थोडे महिने बदली कामगार होतो (तिथले डोंगर काय आहेत, पण ते असो). इकडे घरी वहिनीला तो शेल्फवर दिसला. तारा बघून तिने देवघरात ठेवला आणि दर शुक्रवारी पितळी देवांबरोबर चिंचेच्या कोळात बुडवून घासला. चुनखडीच ती, फेसाळली. तिला वाटलं मळ निघतोय.

"भाऊजी, बघा, कसा गुळगुळीत झाला."

मॅडमनी तो हातात फिरवला. "ये तो अब साबुन है."

दादा म्हणाला, "दगड होता, दगड आहे. गेलं काय?"

पुतणी आभा म्हणाली, "काका, इट वॉज प्रिटिअर डर्टी." घरात तिला एकटीला कळलं. माझं भिंग आभाला.

३. धुतलेला दगड वहिनीला. रोज पूजा करावी. हा कुठला देव असं कोणी विचारलं तर खरं सांगावं, "हे भाऊजींचं नाव होतं, मी पुसलं."

४. दादाला माझे चालायचे बूट. त्याचीही नोकरी गेली आहे. तो टाय लावून रोज मॉलमध्ये जाऊन बसतो, वहिनीचा फोन आला की "यल्ला, चल ठेवतो, मीटिंग आहे" म्हणतो. मी दोनदा मागच्या टेबलावर होतो. मॉल मोठा आहे, बूट लागतील.

५. तसाच दुसरा तारा मला दिसला आहे, खडकात अर्धा रुतलेला. मी हात लावला नाही. जागा पिकअपवाल्या हमदुल्लाला ठाऊक आहे. वाऱ्यापावसाने सुटेल तेव्हा त्याने तो ऑफिसात दाखवून मॅडमना द्यावा. नाव माझं नको, वहिनीचं द्या. लाखो वर्षांच्या, काटे झडलेल्या प्राण्याला जग मृणालिनी म्हणेल. वय दिसत नाही हे ऐकायची तिला फार हौस आहे.

६. मेल्यावर आंघोळ घालतात. ती वहिनीने घालू नये. दादानेही नको, तो तिलाच हाक मारेल. हमदुल्ला घालेल, नुसत्या पाण्याने, न घासता. मी ओळखू आलो पाहिजे.

सही: वेदांग पाठारे

मी सही करताना यांनी पाहिलं:
लॉरेन्स डाबरे, कारखान्यातला सोबती
रोझलिन परेरा, वॉर्डातली नर्स, वसईची ("शेवटचं कलम खोड रे बाबा," म्हणाली. खोडलं नाही.)

अल ऐन, २ फेब्रुवारी २०१०