कत्ती मारिदा

अप्पा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि आज रविवारी भर दुपारी मला तुमची भीती वाटते आहे. तुमची म्हणण्यापेक्षा तुमच्या दोन शब्दांची. "परत सांग."

घरात त्याची केवढी थट्टा व्हायची! आई भाकरी थापता थापता विचारायची, शेंगाची चटणी वाढू का, आणि तुम्ही म्हणायचात, "परत सांग." ती वैतागायची. "कानात बोळे घातलाव का? कोर्टात बी असंच करायलाव?" मला वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी चुलीपाशी बसून मीही चेष्टा केली, "मी जज झाले की लोकांला एकदाच बोलावं लागंल. माझे कान शाबूत हायेत." तुम्ही उचललेला घास ताटात ठेवलात.

"माझे बी शाबूतच होते," म्हणालात आणि ती गोष्ट सांगितलीत. तुम्ही नवे जज. भावकीची मारामारी, एकाच्या खांद्यावर ऊस तोडायच्या कत्तीचा घाव. साक्षीला एक म्हातारी, निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलणारी. आरोपीनं काय केलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "कत्ती मारिदा." कत्ती तर समोर टेबलावरच होती. तुम्ही लिहून घेतलंत, कत्ती मारली. तिच्या खेडवळ कानडीत कत्ती म्हणजे गाढव आणि मारिदा म्हणजे विकलं. तो माणूस त्या दिवशी गाढव विकायला बाजारात गेला होता, भांडणात नव्हताच. अपिलात सुटेपर्यंत तीन वर्षं आत राहिला. "दोनी भाषा येतात ना आपल्याला, तितंच घात झाला," तुम्ही म्हणालात. "शंका आलती मला. मग कामून विचारलं न्हाई? जजाला कळंना म्हनतील, ह्याची लाज." तेवढं सांगून तुम्ही जेवणावरून तसेच उठलात, आणि ताट आईनं झाकून ठेवलं.

उद्या मला निकाल द्यायचा आहे. तसाच एक खटला, तसाच एक घाव. आरोपीची बायको प्रत्येक तारखेला डबा घेऊन कोर्टाच्या पायरीवर बसते. सगळं एका मेंढपाळाच्या साक्षीवर अडलंय. तो औरादकडचा, मराठीत तेलुगू कालवून भरभर बोलणारा. त्याच्या एका वाक्याच्या वेळी कोर्ट खच्चून भरलेलं होतं, वकील घड्याळाकडं बघायलेले. मी मान हलवली आणि म्हणाले, "समजलं. पुढं." आता त्याच्या साक्षीचं ते पान परत परत काढते. तेच वाक्य आठवून बघते, तर कधी त्यानं आरोपीला तिथं पाहिलेलं असतं, कधी नसतं.

साक्षीदाराला परत बोलावता येतं. सकाळपासून तो हुकूम लिहून ठेवलाय, फक्त कारणाची जागा कोरी आहे. 'अधिक खुलाशासाठी' लिहिलं, खोडलं. 'न्यायाच्या हितासाठी' लिहिलं, तेही खोडलं. उद्या हे भरल्या कोर्टात वाचायचं आहे, अप्पा, आणि मला खरंच फार भीती वाटते. लोक हसतील याची, आणि पायरीवरची ती बाई हसणार नाही याची जास्त.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, फाडूनच टाकायचं आहे. त्याआधी यातली एक ओळ हुकमात उतरवून घेते: साक्षीदार काय म्हणाला, ते मला समजलं नव्हतं.