दाखल्यावरची रुपाली

मस्कत

रूपेश यांना नमस्कार, मनात नसला तरी.

तुमी फोन उचलत नाय, म्हणून गावी परतणाऱ्या खोपोलीच्या बाईकडं हे पत्र देते. आईंना सांगा, मी मजेत हाय, पोटभर भात मिळतो. पाय सुजून चप्पल जात नाय, ते सांगू नका.

सातवा महिना सरला. तुमी साजगावला परत गेल्यावर मालकिणीचं काम सुटलं आणि व्हिसाही गेला. तरी दवाखान्यातली नर्स बाळंतपणासाठी नाव नोंदवून घ्यायला तयार झाली. तिनं फक्त लग्नाचा दाखला मागितला. दाखल्यावर रुपाली, पासपोर्टवर समीक्षा. म्हणाली, "ही दुसरी बाई कोण? तुझं लग्न तरी झालंय का?" एवढं पोट घेऊन, बीपी न मोजता परत आले.

रूपेश नावाला शोभावं म्हणून आईंनी लग्नात तुमच्या हातून तांदळात रुपाली लिहवून घेतलं. मी नको म्हणाले, तुमी हसलात. दाखल्याच्या अर्जातही तेवढंच नाव लिवलंत.

खालापूरला जाऊन दोन्ही नावं एकाच बाईची हायत, एवढं प्रतिज्ञापत्र करायला दोन महिने? माहेरचं नाव पुन्हा काढणं म्हणे आईंना अपशकुन वाटतो. मी इथं मेले तर कुठल्या नावानं रडाल?

आईंचे गुडघे कसे हायत?

आठ दिवसांत कागद पाठवा. आणि मुलगी झाली तर तिचं नाव एकदाच ठेवायचं. तिच्या लग्नात कुणी तांदळाचं ताट पुढं केलं, तर मी ते अंगणात भिरकावीन.

तुमची बायको,
समीक्षा