कोपऱ्यातला गाळा मी सोडते

आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. टायपिंग पण हळू होतं, आईनं माझ्याकडे ठेवलेला मोबाईल आहे आणि मी टेबलाखाली बसून एका बोटानं लिहितेय. तिकडे स्टेजवर भाषणं चालू आहेत.

मी पुनम अमृत बाविस्कर, राहणार जळगाव, काल अठरा पूर्ण. डोकं ठिकाणावर आहे, कोणी दम दिलेला नाही, कोणी शिकवलेलं नाही. मला काही झालेलं नाही आणि मी काही करून पण घेणार नाही, आईनं घाबरू नये. तरी हे माझं मृत्युपत्र आहे. का, ते सांगते.

आमच्या शहरात दर वर्षी ग्रंथमेळा भरतो. पहिल्या वर्षी शाळेच्या मैदानात नुसती चार टेबलं होती. माझे आजोबा, निंबाआबा, हातगाडीवर जुनी पुस्तकं घेऊन गेले. आता मोठा मंडप असतो, कमान असते, फुगेवाला पण येतो. पण त्या चौघांच्या जागा त्यांच्याच घरात राहतात. नियम एकच. शेवटच्या दिवशी समितीचे नवलसर फिरतात, तेव्हा घरातलं माणूस गाळ्यात दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर जागा गेली.

आमची जागा कोपऱ्याची. मागे मंडपाचं कापड, दोन बाजूंना बांबू, पुढे टेबल. सकाळी टेबल लागलं की आतलं माणूस आतच. बाहेर जायचं तर पुस्तकांचे खोके हलवून टेबलाखालून रांगत जायचं, सगळ्यांसमोर. मला लाज वाटते, म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही.

त्याच आठवड्यात धुळ्याला पण मेळा असतो. आई आणि माझे वडील, नाना, तिकडे असतात, म्हणून इथे मी. दहावीला पूर्वपरीक्षा याच दिवसांत आली. नाना म्हणाले, "परीक्षा परत होईल, कोपरा परत मिळायचा नाही." मी बसले. नंतर सर सगळ्यांसमोर कारण विचारतील म्हणून शाळेत गेलेच नाही. कोणी बोलवायला पण आलं नाही.

आज शेवटचा दिवस म्हणून नाना आलेत. मी अठराची झाले, तर आज गाळ्याला माझं नाव लावणार. सकाळी मी म्हटलं, "नाना, मला बाहेरून दहावी द्यायचीय."

"दे ना. गाळ्यात बसून दे."

"इथे अभ्यास होत नाही."

"बठ्ठा पुस्तकं तुन्हा आजूबाजूले शेतस, नि अभ्यास व्हत नही म्हने!" नाना घरातली अहिराणी बोलायला लागले म्हणजे विषय संपला. "हाई जागा जित्ता माणूस सोडत नही. आबानी मरीसन सोडी. मी बी मरीसनच सोडसू."

ठीक आहे. मेल्यावरच सुटते ना? मग गाळ्यापुरती मी मेले असं धरावं. वाटणी अशी.

गाळ्यावर माझा जो काही हक्क असेल किंवा आज लागेल, तो शेजारच्या तोतारामकाकांना. नानांना राग येईल, माहीत आहे. पहिल्या वर्षी कोपऱ्यासाठी आबा आणि काका या दोघांत चिठ्ठ्या टाकल्या. काका म्हणतात, दोन्ही चिठ्ठ्यांवर आबांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. मी आबांना एकदा विचारलं तर ते नुसते हसले. तेव्हापासून काका दर वर्षी त्यांचं टेबल वीतभर आमच्याकडे सरकवतात आणि नाना वीतभर मागे ढकलतात. पण परवा काकाच खाली वाकून म्हणाले, "पोरी, तू आठेच म्हतारी व्हशी का?" इथेच म्हातारी होणार का, असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

काकांना एक अट. कोपऱ्यात टेबल लावताना एक माणूस उभ्यानं निघेल एवढी फट ठेवायची.

नानांनी आपली पुस्तकं काकांच्या गाळ्यात अर्ध्यात लावावीत. भांडायला दोघांना सोपं पडेल.

माझा भाऊ स्वप्नील याला माझं स्टूल आणि पावसाळी ताडपत्री. गाळा नाही. त्याला "दहाला एक, पन्नासला सहा" ओरडायला लई आवडतं आणि माझ्यापेक्षा तो दुप्पट विकतो, हे खरं. पण तो सातवीत आहे. मी सुटले म्हणून त्याला आत बसवलं, तर हे मृत्युपत्र मी मागे घेईन. परत येऊन बसेन. हे कलम नानांनी दोनदा वाचावं.

मफलरवाले सर, जे मी बोलत नाही म्हणून तीन पुस्तकं नेतात आणि दोनाचे पैसे देतात, ते आईला. आईसमोर त्यांनी एकदा तसं करून दाखवावं.

दहावीचं गणित दोन्ही भाग, विज्ञान आणि भूगोल मी लाल खोक्यात तळाला ठेवलेत, वर पाककृतींची पुस्तकं टाकून. मेल्यावर बरोबर काही नेता येत नाही म्हणतात. मी हे नेणार.

ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, हे मी आमच्याच गाळ्यातल्या कायद्याच्या पुस्तकात वाचलं. म्हणून साक्षीदार बाहेरचे. कागद स्वप्नील झेरॉक्सवाल्याकडून काढून आणेल, तेव्हा सह्या होतील.

साक्षीदार पहिली: कुंदाबाई, मंडपात झाडू मारतात. टेबलाखालून वाचून दाखवलं. म्हणाल्या, "सही करते, पण खरी मरू नको बाई."

साक्षीदार दुसरे: प्रेमराजभाऊ, मंडपवाले. म्हणाले, फट ठेवायला बांबू एक हात सरकवावा लागेल, तेवढंच.

लिहून देणार: पुनम अमृत बाविस्कर
ठिकाण: जळगाव, कोपऱ्यातला गाळा, टेबलाखाली
तारीख: ११ जानेवारी २०२६, दुपार

ता.क. आत्ता नानांना फोन आला. दोंडाईच्याच्या मेघाआत्याला जुळ्या मुली झाल्या. तिघी बऱ्या आहेत. नाना रडतायत आणि हसतायत. म्हणतात उठा रे, दोंडाईच्यावरून जाणारी सुरतची गाडी सापडेल. स्वप्नीलनं चपला घातल्या पण. नाना तोतारामकाकांना म्हणाले, "जरा आमच्या गाळ्याकडे पण बघा." नवलसर अजून पहिल्या रांगेतच आहेत, आमच्याकडे यायचेत. नानांनी टेबल सरकवलं, एक माणूस उभ्यानं निघेल एवढं.