बाळूच्या गाडीखालचं पाणी

मंगळवार, १२ मे. निघोजे.

फोनवर दिलेल्या अर्ध्या मिनिटाच्या सल्ल्याची खरी किंमत आज कळली. बाळूच्या गाडीचं इंजिन गेलं, आणि त्यानं तीन वर्षं टिकवलेलं, कंपनीच्या बायांना शिफ्टला ने-आण करायचं काम गेलं.

शनिवारी रहाटणीहून त्याचा फोन. "शेठ, गाडीखाली पाणी ठिबकतंय. दाखवायला येऊ का?" गॅरेजात गर्दी होती. म्हटलं, "फोन इंजिनाजवळ धर." ऐकलं, आवाज ठणठणीत. "एसीचं पाणी आहे भावा, मे महिना चाललाय. बिनधास्त पळव. या कानाला आजवर कुणी खोटं पाडलेलं नाही!" तोही हसला.

आज टो करून आणली. रेडिएटर कोरडा, इंजिन तापून जाम, होजवर हिरवा ओघळ वाळलेला. पाणी नव्हतंच ते, इंजिन थंड ठेवणारं कूलंट होतं. नुसतं बोट लावलं असतं तरी चिकट लागलं असतं. बोट लावून बघ, एवढं सांगायला काय झालं होतं मला? रंगसुद्धा विचारला नाही. गाडी वाटेतच बंद पडली, शिफ्टच्या बाया तासभर उन्हात रस्त्यावर उभ्या, आणि दुपारीच कंपनीनं दुसरी गाडी लावली.

"इंजिन मी फुकट बांधून देतो," म्हटलं.

"इंजिन होईल हो शेठ. काम कुठनं आणू?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक बोट लावायचं होतं फक्त...

निघताना त्यानंच सांगितलं. सीएनजी वाचावा म्हणून दोन उन्हाळे त्यानं एसी लावलेलाच नाही.