बाईंच्या कुरडयांचा शनिवार

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलेय, म्हणजे माझी अक्कल किती उशिरा जागी होते ते बघा. शाळेला जोडून तीन दिवस सुट्टी आहे, गल्लीत कुरडयांची धांदल चाललीय, आणि मघाशी समोरच्या घरातली नवी सून मला म्हणाली, "मॅडम, गल्लीला तुमच्याइतकं धरून राहणारं माणूस मी नाही पाहिलं." मी नुसती हसले. घरात येऊन दार लोटून घेतलं आणि माझीच मला इतकी लाज वाटली की गॅसवरचा चहा उतू गेलेलाही कळला नाही.

मी दिंडोरीला तुमच्या शाळेत लागले तेव्हा तुमच्याच शेजारची खोली तुम्ही मला मिळवून दिलीत. मला त्याचं काय कौतुक? शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पिशवी घेऊन थेट स्टँडवर. नाशिक रोडला आई होती, टीव्ही होता, कॉलनीतल्या मैत्रिणी होत्या, आणि दिंडोरी हे माझ्या लेखी आठवडाभर सोसायचं गाव होतं. मग एप्रिल आला. एप्रिलमध्ये सुट्ट्या अशा एकाला एक लागून येतात, आणि आपल्या गल्लीतल्या बाया सगळ्या नोकरीवाल्या, कोणी नर्स, कोणी अंगणवाडीत, कोणी तहसीलमध्ये. त्यामुळे कुरडया घालायच्या त्या जोडसुट्टीतच, आणि एका दिवशी एकाच घरच्या, बाकी सगळ्यांनी तिथे हाताला हात लावायचा. कोणाचा दिवस कधी, ते तुम्ही कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायच्या. पहिल्याच वर्षी तुम्ही पहिल्या चौकोनात माझं नाव घातलंत. मी म्हटलं, बाई, माझं कुठे घर आहे, एक खोली आणि एक स्टोव्ह. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "चूल पेटती ना? मग घर हाय."

त्या दिवशी पहाटे सहा बाया माझ्या खोलीत शिरतात, एक पातेलं धरते, एक चीक ओततेय, तुम्ही लाटणं घेऊन ढवळताय आणि मला ओरडताय, "गुठळी झाली तर तुला खायला लावीन." उन्हं वर यायच्या आत गच्चीवर माझ्या कुरडया पांढऱ्याशुभ्र पसरल्या होत्या आणि आम्ही खाली बसून गरम चीक दूध-साखर घालून खात होतो. मी आयुष्यात कधी इतकी हसले नव्हते. त्या शनिवारी मी घरी गेले नाही, पुढच्याही नाही. आई फोनवर कुरकुरायला लागली की तू तिकडचीच झालीस. झालेच होते मी, बाई. म्हणून तर पुढचं जास्त टोचतं.

तिसऱ्या वर्षी तुमचा दिवस नेहमीसारखा सगळ्यात शेवटी होता, शनिवारी. नेमकं त्याच दिवशी गल्लीतल्या सगळ्याजणी नर्सबाईच्या मुलीच्या लग्नाला निफाडला निघाल्या. दिवस बदलायचं बोलणं झालं, पण तुमचे गहू बुधवारीच भिजत पडले होते आणि उन्हाळ्यात भिजलेला गहू कोणासाठी थांबत नाही, आंबतो. तुम्ही म्हणालात, "ही हाय ना माझ्यासंगं. दोघी उरकू." मी होकार दिला. आणि गुरुवारी मैत्रिणीचा फोन आला की सगळ्या जमतोय, शनिवारी सिनेमा, मग बाहेर जेवण. एवढंच होतं, बाई. वीस वर्षं मी त्यासाठी काहीतरी मोठं कारण शोधतेय आणि ते सापडत नाही. तेव्हा दोन आठवडे लोकांचे चीक घोटून कंटाळले होते आणि मला सिनेमाला जायचं होतं. तुमच्या दारात येऊन मी सांगितलं, आईला ताप आहे, उतरतच नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "जा तू. गव्हाचं काय, मी बघते. आईपरीस काय मोठं हाय का?"

शनिवारी अकराच्या सुमारास आमच्या दाराची बेल वाजली. आईनेच उघडलं. तुम्ही उभ्या होतात, डाव्या हातात डबा, उजव्या मनगटाला ओल्या फडक्याची घडी बांधलेली. दिंडोरीहून सीबीएस, तिथे बस बदलून, द्वारकेच्या गर्दीतून नाशिक रोडला, त्या उन्हात. मी आतल्या खोलीतून नवा ड्रेस घालून, केस मोकळे सोडून बाहेर आले आणि तिथेच थिजले. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, आईकडे पाहिलंत. आई ठणठणीत, हाताला कणीक लागलेली. "आता बरं आहे ना?" तुमच्या तोंडून निघून गेलं. आई म्हणाली, "मला काय झालंय?" मी तिथे जमिनीत गाडली गेले असते तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "काही नाही, ऊन लय वाढलंय म्हणून विचारलं. चीक आणलाय, मऊ असतो, खाऊन घ्या." आईने मनगटाचं विचारलं तेव्हा म्हणालात, चीक उडाला, एकटीने पातेलं उतरवताना होतं असं कधीकधी. पाणी प्यायलात आणि निघालात. मी तुम्हाला स्टॉपपर्यंत सोडायलासुद्धा आले नाही. आणि ऐका, त्यानंतर मी सिनेमाला गेले.

सोमवारी शाळेत तुम्ही मला नेहमीसारखीच हाक मारलीत. त्या विषयावर एक शब्द नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. गल्लीत विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की हिची आई आजारी होती. पुढच्या वर्षी कॅलेंडरवर पहिल्या चौकोनात माझं नाव होतं, आणि शेवटचा चौकोन कोरा. बायांनी विचारलं तर म्हणालात, "मला एकटीला कशाला लागत्यात आता." मी तिथेच बसले होते. बाई, मी गहू भिजवते, मी घोटते, असं म्हणायला मला किती वेळ लागला असता? पण मी खाली मान घालून शेंगा सोलत राहिले. तुम्ही पुन्हा कधीच घरी कुरडया घातल्या नाहीत आणि बाकी सगळ्यांच्या घरी मात्र पहाटे हजर राहिलात, माझ्याही.

आता कॅलेंडर मी लिहिते. नाशिक रोडचं घर भावाकडे आहे, मी इथेच दोन खोल्या बांधल्या. लोकांना वाटतं मला या गावाचा लळा लागला म्हणून. लळा आहेच, खोटं नाही. पण कोणाच्याही घरी चीक शिजत असला की मी ताप अंगात असला तरी जाते, आणि त्याला लोक माझा स्वभाव म्हणतात.

हे कुठे पाठवणार? आईलाही दाखवायचं नाही, तिला आजही वाटतं की तुम्ही त्या दिवशी सहज आला होतात. एक राहिलं, तेवढं लिहून हे फाडून टाकते. तुमची बातमी आली तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले, सगळ्या गल्लीने मलाच सावरलं. ते रडणं खरं होतं. पण रडण्याच्या आधी, घडीभरच, मला हायसं वाटलं होतं, की आता ते माहीत असलेलं कोणी उरलं नाही.