सायकल सुखरूप आहे

तीर्थरूप फर्रुखमामांस,

तुमच्या थोरल्या भाच्याचा, सियामकचा, वाकून सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? मामीचं रक्तदाब मोजायचं यंत्र अजून मामीच्याच हातून फुटायचं राहिलंय ना? अंगणातलं डाळिंब, पिंजऱ्यातली कॅनरी, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सगळ्यांची खुशाली कळवा. (हे फोनवरही विचारता आलं असतं, पण आपण दोघं फोनवर एकमेकांची तब्येत विचारायला लागलो की कार्डावरचे पैसे संपतात आणि मुद्दा तसाच राहतो.)

तुमचं पत्र पोचलं. नवरोज झाला की याच सायकलवरून तुम्ही स्वतः शिराझला जायचं म्हणता, त्यासाठी सायकल लगेच परत धाडावी आणि सोबत लांबच्या सायकलप्रवासातल्या चार उपयोगी गोष्टीही लिहाव्यात, असं म्हणता. मामा, पहिल्यांदा तुमचा जीव भांड्यात पडू दे. सायकल सुखरूप आहे. ती तुम्ही मला ज्या मोठ्या मनाने दिलीत, ते मी कधी विसरणार नाही. त्या वेळचा तुमचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, मामीचा तर जास्तच.

तर पहिली सूचना, निघतानाची. प्रवासाला जाणारा परत यावा म्हणून त्याच्यामागे वाटीभर पाणी शिंपडतात, हे मला मान्य आहे. पण मामीने बादली ओतली होती. तुमच्या पायरीच्या फरशीवरून चाक घसरलं आणि मी यझ्द ते शिराझ या प्रवासाचे पहिले दोन हात कोपरांवरून केले. म्हणून निघताना घरच्यांशी संबंध चांगले असावेत, निदान त्या दिवसापुरते. (सायकलला ओरखडाही आला नाही, ती माझ्यावर पडली.)

दुसरं, सामान कमी न्या, असं सगळे जाणकार सांगतात. त्या जाणकारांना मावश्या नसाव्यात. मी दोन सदरे आणि एक पंप घेऊन निघालो. तफ्तच्या मावशीपर्यंत पोचलो आणि तिथून निघालो तेव्हा कॅरियरवर दोन कलिंगडं, लोणच्याची बरणी, मिठाईचा डबा आणि शिराझमधल्या तिच्या नणंदेसाठी एक प्रेशर कुकर होता. नाही म्हणायची सोय नाही. तीनदा नाही म्हटलं तर चौथ्यांदा मावशी रडते. पुढे चढ लागतो. त्या चढावर प्रेशर कुकरचं वजन काय असतं हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. सीटबद्दल मी काही लिहीत नाही. आपल्यात वयाचं अंतर आहे आणि मला ते जपायचंय.

वारा नेहमी समोरून असतो. परत फिरलात तरी समोरूनच असतो, मी फिरून पाहिलंय. पण वाऱ्याचं एक बरं आहे, तो थांबून चौकशी करत नाही. ट्रकवाले करतात. चढावर एकटा माणूस दिसला की प्रत्येक ट्रक थांबतो, ड्रायव्हर खाली उतरतो, सायकल वर टाकूया म्हणतो, मी नको म्हणतो, तो आग्रह करतो, मी आढेवेढे घेतो, मग निदान चहा तरी घ्या म्हणून तो रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवतो. एका चढावर मी इतका चहा प्यालो की दुसऱ्या बाजूच्या उतारावर मला सारखं थांबावं लागलं. खरं तर एकदा मी मनापासून ट्रकमध्ये बसायला तयार होतो, पण सवयीने नको म्हणालो आणि तो ड्रायव्हर नेमका घाईत निघाला. धुरळ्यात उभा राहून मी त्याला बराच वेळ हो, हो म्हणत होतो.

अशा रीतीने अबरकूहच्या अलीकडच्या या गावात पंक्चर होऊन पोचलो. इथे हैबतुल्ला नावाचे एक बागायतदार आहेत. त्यांनी मला दारातून आत ओढलं ते आजतागायत सोडलेलं नाही. त्यांच्या बायकोच्या, गौहरखानुमच्या हातची मटणाची आमटी अशी, की निघायचा विचार जेवणाआधी येतो आणि जेवल्यावर जातो. चार दिवस फुकट जेवल्यावर माणूस जरा जास्तच गोड बोलतो, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

एका संध्याकाळी हैबतुल्ला सायकलभोवती फिरले, घंटी वाजवून म्हणाले, "वा! काय देखणी आहे हो!"

कोणी वस्तूला चांगलं म्हटलं की आपण काय म्हणतो? तेच मी म्हणालो. "आपलीच समजा."

"छे, छे! तुम्हालाच शोभते."

"तुमच्यावरून ओवाळून टाकली."

"अहो, लाजवताय काय गरिबाला!"

"तुमच्यापुढे सायकल ती काय!"

"नको हो, खरंच नको."

तीनदा झालं, मामा, रिवाज पुरा झाला. इथे शहाणा माणूस हसतो आणि चहाचा पेला उचलतो. मी मात्र आमटीच्या भरात म्हणालो, "माझ्या गळ्याची शपथ, घ्याच!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता तुमचं मन कसं मोडू?" म्हणाले आणि सायकल उचलून दिवाणखान्यात गालिच्यावर नेऊन उभी केली. तेव्हापासून ती रोज पुसली जाते, तेल पिते. सुखरूप आहे असं मी उगाच नाही लिहिलं.

सगळ्यांना नमस्कार. मामीला विशेष.

तुमचा आज्ञाधारक,
सियामक

ता.क. : सायकल माझी नाही, मामांची आहे, असं मी त्यांच्या कानावर घालून पाहिलं. वाटलं, इशारा समजेल. ते गहिवरले. म्हणाले, "मग त्या थोर माणसाचे आभार मानायलाच हवेत!" आज सकाळी ते डाळिंबं आणि मधाची बरणी बांधून त्याच सायकलवरून तुमच्याकडे निघाले आहेत. हे पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, ते आधी पोचेल. त्यांना वाटेत चहा प्यावा लागणार आहे.

ता.क. दुसरा : ते आले की तुम्ही फक्त म्हणायचं, "वा, काय देखणी सायकल!" त्यांना "आपलीच समजा" म्हणावंच लागेल. तिथे, मामा, पाया पडतो, एकदाही नको म्हणू नका. तुम्ही दारातून कधी कोणाच्या आधी आत गेला नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही तीनदा नको म्हणालात तर ते चौथ्यांदा आग्रह करणार नाहीत. ते माझ्यासारखे नाहीत. जमणार नसेल तर दार मामीला उघडू दे आणि तुम्ही न्हाणीघरात बसा.

ता.क. तिसरा : आणि नको न म्हणणं काही अशक्य नाही. मागच्या शरदात अंगणात मी तुमच्या सायकलला चांगलं म्हटलं, तुम्ही "तुझीच समज" म्हणालात, तेव्हा मी काय केलं ते आठवा. फार सोपं असतं. "बरं" म्हणायचं, लगेच वर बसायचं आणि मागे वळून बघायचं नाही.