फळ धरणारं झाड

प्रिय मंथन,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आप्पांना हल्ली कमी ऐकू येतं असं ते सांगतात, पण तुझा फोन आला की शेजारच्या खोलीतून सगळं बरोबर ऐकतात. म्हणून हे लिहून बेळगावच्या मोठ्या पोस्टातून स्पीडपोस्टानं पाठवतेय. होळीपासून मी इथं गावातच आहे. वडगावला तुझे भावोजी माग सांभाळून स्वतःच्या हातचं जेवतायत आणि रोज फोन करून आमटीत काय चुकलं ते मला विचारतायत.

मागच्या खेपेला तू सोप्याच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावून गेलास, तो आप्पांनी काढू दिलेला नाही. जायफळाच्या कुळातली झाडं जिथं जिथं आहेत तिथं तू लाल ठिपके काढलेस. आल्यागेल्याला हात धरून तिथं नेतात. “आमच्या देवीच्या झाडांचं भाऊबंद ॲमेझॉनात हायत, काँगोत हायत, पार न्यू गिनीत हायत,” असं सांगतात आणि मग आपल्या देवराईच्या ठिपक्यावर बोट ठेवतात. आपल्या रानजायफळाची जात धोक्याच्या यादीत आहे असं तू म्हणाला होतास, त्याचा अर्थ त्यांनी आपल्या परीनं लावलाय. “झाड आजारी न्हाय रं, त्याचं गणगोत कमी झालंय,” असं भावकू गुरवाला समजावत होते. मला त्यांचं तेव्हा फार कौतुक वाटलं.

देवीचा सभामंडप झाला हे तुला ठाऊक आहे. त्यापुढचं त्यांनी मला सांगू दिलं नाही, तुला समोरासमोर सांगायचं होतं त्यांना. देवळाच्या दोन्ही अंगांना तू अभ्यासाला घेतलेली रानजायफळाची दोन झाडं. मंडपासाठी एका बाजूचं काढावं लागणार होतं. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कौल घेतल्याशिवाय कुणी उचलत नाही, तेव्हा भावकूनं मूर्तीला फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं आणि उजवा कौल आला, म्हणजे देवीचा होकार. पण कोणतं झाड, ते काही देवीनं सांगितलं नाही. ते मानकऱ्यानं ठरवायचं, आणि मानकरी आप्पा. पंच सोयीनं ओढ्याच्या बाजूचं म्हणत होते. आप्पा ऐकेनात. “ते फळ धरतंय. त्याला हात लावायचा न्हाय. दुसरं जलमात कधी फळलं न्हाय, ते घ्या,” म्हणाले. माझ्या मंथनचं झाड आहे म्हणून सगळ्या गावाशी भांडले. दिवाळीनंतर दुसरं झाड पाडलं. त्या दिवशी घरी येऊन ते पोटभर जेवले, कितीतरी दिवसांनी.

यंदा राहिलेल्या झाडाला फुलं आली, बारीक पिवळी, आणि गळून गेली. एकही फळ नाही. वैशाखात फळ उकलून आतली लाल जायपत्री दिसते, ती तुला दाखवायची म्हणून आप्पा रोज काठी टेकत देवराईत जातात, वर बघत बसतात आणि परत येतात. देवी कोपली असं त्यांना वाटतं. निपाणीची तंबाखू जन्मभर दाढेखाली धरणाऱ्या माणसानं ती सोडलीय, नवस म्हणून. चिडचिड इतकी करतात की मी एकदा गुपचूप पुडी पुढं ठेवली, ती त्यांनी गोठ्यात भिरकावली.

बेळगावच्या कॉलेजातली स्वरूपा नावाची एक मुलगी झाडांची पाहणी करायला आली होती. तिनं पाडलेल्या झाडाचा बुंधा बघितला, राहिलेलं झाड बघितलं आणि मला विचारलं, इथं नर झाड आणखी कुठं आहे का? मला काही कळेना. मग तिनं समजावलं. यात नर वेगळा, मादी वेगळी, नराला फळ कधीच लागत नाही, पण तो जवळ नसेल तर मादीलाही धरत नाही. तिनं ओढा पार खालपर्यंत पालथा घातला, दुसरं झाड सापडलं नाही. आप्पांशी काही बोलू नकोस, एवढं मी तिला हात जोडून सांगितलं.

आणखी एक सांगायचं आहे. आप्पांचा दम आता औषधानं आवरत नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या वैशाखाचा भरवसा धरू नका. नवीन रोप आणून वाढवायचं म्हटलं तर किती वर्षं लागतील ते तुलाच माहीत.

मंथन, मंडपाची नुसती कुणकुण होती तेव्हा आप्पांनी तुला फोन केला होता. मी तिथंच होते. तू घाईत होतास. काहीही झालं तरी फळ धरणारं झाड जपा आप्पा, एवढंच बोललास. त्यांनी तेच केलं. साऱ्या जगातली झाडं तू आम्हाला सांगितलीस, एवढं एक सांगायचं राहून गेलं. मी तुला बोल लावत नाही. मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. पण तू आलास की ते तुझा हात धरून देवराईत नेतील, तुझं झाड मी वाचवलं म्हणतील आणि फळ का धरलं नाही ते तुलाच विचारतील. तुझ्या अहवालात खरं तेच लिही. त्यांना मात्र सांग की पावसानं फुलं झडली, पुढच्या साली धरेल. लहानपणापासून तुझ्या तोंडावर काही लपत नाही, आणि तुझं तोंड त्यांच्याइतकं कुणाला वाचता येत नाही. म्हणून हे आधी कळवलं. गोव्याहून बस चोर्ला घाट चढेल तेवढ्या वेळात काय रडायचं ते रडून घे, आणि तोंड धुऊन घरी ये.

तुझीच,
आक्का